डूख धरलेलं नाक

माझा साडू गेला तेव्हा त्याचं नाक तान्ह्या बाळासारखं मोकळं होतं. ते ज्या बाईमुळे मोकळं झालं तिला मात्र त्याने शेवटपर्यंत माफ केलं नाही. माणूस तसा लाख होता. हातात कसब, बोलण्यात गोडवा, दारी आलेल्याला चहा पाजल्याशिवाय सोडायचा नाही. पण एकदा का एखाद्यावर डूख धरला, की नागानेसुद्धा याच्याकडे शिकवणी लावावी.

साडू म्हणजे माझ्या बायकोच्या धाकट्या बहिणीचा नवरा. त्याचं गाद्यांचं दुकान होतं. दिवसभर कापूस पिंजायचा, गाद्या-उशा भरायच्या, भल्यामोठ्या दाभणाने टाके घालायचे. लोक त्याला कापूसराव म्हणत, कारण भुवयांवर, कानाच्या पाळ्यांवर आणि मिशीत कायम पांढरी पिंज अडकलेली. माझी मेहुणी त्याला दारातच झटकायची, मग आत घ्यायची. म्हणायची, "लोकांचे नवरे कामावरून घरी येतात, माझ्याकडे उशी चालत येते!"

आणि नाक! सकाळी डोळा उघडायच्या आधी पहिली शिंक. एक आली की तिच्या मागून सगळी वरात. नाकातून नुसतं पाणी, डोळे लाल, टाळूला आतून अशी खाज की जीभ टाळूला घासून तो कोंबडीसारखा आवाज काढायचा. तळहाताने नाक खालून वर रगडायची त्याला इतकी सवय, की नाकाच्या शेंड्याच्या जरा वर एक आडवी रेघच उमटली होती. मी म्हणायचो, "साडूभाऊ, नाकाला घडी पडली की हो तुमच्या." तो म्हणायचा, "हसा. हसा. ज्याचं जळतं त्याला कळतं."

आता जळतं कशाने, हे त्याने स्वतःच ठरवून टाकलं होतं. दुकानाच्या अगदी समोर, गल्ली ओलांडली की मिरचीची गिरणी. नवऱ्यामागे ती गिरणी एका बाईने एकटीने चालवली. सगळे तिला गिरणीवाल्या काकू म्हणायचे. नाकातोंडावरून पांढरं फडकं घट्ट गुंडाळलेलं, त्यामुळे गल्लीने तिचे फक्त डोळे पाहिलेले. ते डोळे पुरेसे होते. उधारी मागायला आलेला माणूस त्या डोळ्यांकडे बघून नुसता भाव विचारून परत जायचा.

वैर सुरू कसं झालं ते सांगतो. एका बड्या गिऱ्हाइकाचं मखमली कापड कापूसराव कापत होता. कात्री अर्ध्यात आली आणि आली शिंक. कात्री गेली सरळ मखमलीच्या पोटात. गिऱ्हाईक समोरच उभं. ते जे गेलं ते पुन्हा आलं नाही, आणि जाताना आणखी चार जणांना घेऊन गेलं. साडूने मान वर केली तर समोर गिरणीच्या दारातून तांबूस धूर निघतोय. झालं! त्या क्षणी त्याच्या मनात जे बसलं ते बसलंच.

"ओ बाई!" तो गल्लीतून ओरडला. "तुमची मिरची आवरा जरा!"

"मिरची मी आवरते," फडक्याच्या आतून आवाज आला, "तुम्ही आधी नाक आवरा. गल्लीत पूर यायचा."

गल्ली हसली. आणि माणूस एक वेळ नुकसान विसरतो, हसलेलं विसरत नाही. त्या संध्याकाळी आमच्या घरी जेवताना त्याने ताटावर हात आपटून सांगितलं, "हिला माझ्या उंबऱ्यावर नाक घासायला लावतो की नाही बघा!" माझी बायको म्हणाली, "आधी स्वतःचं पुसा, भाजीत पडेल."

मग सुरू झाली लढाई. त्याने पिंजायच्या यंत्राचं तोंड फिरवून गल्लीकडे केलं. यंत्र लावलं की कापसाची पिंज भरारा उडून गिरणीत, मिरचीच्या पोत्यांवर, काकूंच्या चहाच्या कपात. काकूंनी काय केलं, तर याच्याकडे चांगलं गिऱ्हाईक आलेलं दिसलं की नेमकी सगळ्यात झणझणीत मिरची चक्कीत टाकायची. गिऱ्हाईक उशी चाचपतंय, भाव पाडतंय, आणि अचानक डोळे पुसत पळतंय. मी कधी दुकानात बसलो असलो तर मला फार मजा यायची. मी उपरण्यात तोंड घालून हसायचो. साडूला वाटायचं मलाही मिरची लागली.

आता यात एक गोष्ट अशी घडली की जिच्यावाचून पुढचं काही घडलंच नसतं. काकूंना नवीन गादी हवी होती. आसपास गादीवाला हा एकच. तर एके दिवशी त्या सरळ गल्ली ओलांडून याच्या दुकानात आल्या. फडकं तसंच.

"चांगली ऐसपैस गादी करा. नवा कापूस घाला. भावात घासाघीस करणार नाही."

साडू बघतच राहिला. "माझ्याकडून करून घेणार?"

"भांडण तोंडाचं आहे, गादी पाठीची आहे. तुमचं काम चांगलं आहे, ते मी कशाला खोटं म्हणू?"

दुसरा कोणी असता तर इथे विरघळला असता. आमचा साडू विरघळला नाही. त्याच्या डोक्यात डूख वळवळला. त्याच सुमाराला एका जुन्या लॉजने आपल्या सगळ्या गाद्या मोडीत काढून याच्या मागच्या खोलीत टाकल्या होत्या. त्या गाद्यांवर किती प्रवासी झोपले, घामेजले, खोकले, त्याचा हिशोब देवाला ठाऊक. कापूस पिवळट, गुठळ्या झालेला, वास असा की कुबट गोणपाट बरं. साडूने काय केलं? काकूंच्या गादीच्या पोटात तो कापूस भरला, आणि वर-खाली नव्या पांढऱ्या कापसाचा थर दिला. दाबून बघितलं तर हाताला नवा कापूस लागावा. खोळ नवी, टाके एका ओळीत, काम देखणं. पैसे नव्या कापसाचे घेतले. आणि मला हे सांगताना मिशीतल्या मिशीत हसत म्हणाला, "झोप म्हणावं आता राणीसारखी!"

मी विचारलं, "आणि उरलेला कापूस?"

"टाकतोय थोडाच? माझ्याच गादीत भरला."

ही गादीवाल्यांची खोड आहे बरं का. त्यांच्या घरात नवा कापूस कधी जात नाही. नवा कापूस गिऱ्हाइकाला, उरलंसुरलं घरच्या गादीत. मी अशा गादीवाल्याच्या घरी पाहुणा म्हणून झोपलोय की पाठीखाली गुठळ्या मोजत पहाट झाली. साडूच्या गादीत आधीच गल्लीभरचा जुना कापूस होता, त्यात आता लॉजची भर.

त्यानंतर त्याच्या शिंकांना ऊतच आला. पहाटे उठला की आंघोळीपर्यंत शिंकतोय. रात्री नाक इतकं बंद की तोंड उघडं टाकून झोपायचा, आणि मेहुणी म्हणायची घशात पिंजायचं यंत्र बसवलंय. औषधांच्या दुकानातून त्याने सर्दीच्या गोळ्या आणि नाकात घालायचे थेंब आणले. दोन थेंब घातले की दार उघडल्यासारखं नाक मोकळं. पण तासाभरात पुन्हा बंद. पुन्हा थेंब. बाटली खिशात, बाटली उशाखाली, बाटली दुकानाच्या फळीवर. आणि प्रत्येक वेळी थेंब घालताना समोरच्या गिरणीकडे बघून एक शिवी.

मेहुणी एकदा म्हणाली, "अहो, पहाटे कुठे गिरणी चालू असते? मग पहाटे का शिंकता?"

तो म्हणाला, "रात्रभर हवेत तरंगतं तिचं तिखट. तुला काय कळतंय!"

शेवटी त्याने नगरपालिकेत तक्रार केली. गिरणीमुळे माझं आरोग्य धोक्यात आलंय, परवाना रद्द करा. तिथल्या निरीक्षकाने सांगितलं, "डॉक्टरचा दाखला आणा. मिरचीने त्रास होतो असं लेखी असेल तर गिरणी हलवायला लावता येईल."

साडूचा चेहरा असा उजळला की विचारू नका. इतकी वर्षं नाक गळत होतं तरी डॉक्टरकडे गेला नव्हता. आता निघाला, तो बरं व्हायला नाही, दुसऱ्याचं वाईट करायला! मला म्हणाला, "चला, साक्षीदार लागेल." मी लगेच चपला घातल्या. अशा ठिकाणी मी कधी नाही म्हणत नाही.

नाकाच्या डॉक्टरांची खोली लहानशी. भिंतीवर नाकाचं आतलं चित्र, टेबलावर चकचकीत हत्यारं, आणि डॉक्टर स्वतः शांत, केस पांढरे, बोलणं कमी. साडू खुर्चीत बसायच्या आधीच म्हणाला, "डॉक्टर, औषध नको. पुरावा द्या."

"कसला?"

साडूने खिशातून पुडी काढली. समोरच्या गिरणीतली मिरचीची पूड. "हिने माझं नाक खाल्लंय. एवढं लिहून द्या."

डॉक्टरांनी पुडी बाजूला ठेवली आणि कपाळावर दिवा बांधला. नाकात चिमट्यासारखं एक हत्यार घालून नाकपुडी रुंद केली, आत बघितलं. मलाही बघू दिलं. आत मला वाटलं लालभडक असेल, तर फिकट, निळसर, पाण्याने टम्म फुगलेले मांसाचे गोळे. डॉक्टर म्हणाले, "जंतूंनी झालेली सर्दी असती तर आत लाल दिसलं असतं, घट्ट पिवळं आलं असतं, आठवड्यात संपलंही असतं. ही सर्दी नाही."

मग प्रश्न सुरू. शिंका कधी जास्त? सकाळी उठल्या उठल्या. गिरणी किती वाजता उघडते? साडू नाक पुसायला लागला. मी म्हणालो, "ऊन वर आल्यावर." साडूने माझ्याकडे असं बघितलं की साक्षीदार फितूर झाला. गिरणी बंद असते त्या दिवशी शिंका थांबतात? साडू भिंतीवरचं चित्र बघायला लागला. परगावी गेलात तर? तिथे मात्र साडू पटकन म्हणाला, "परगावी एकदम बरं असतं! म्हणजे बघा, गिरणीपासून लांब गेलो की..."

"आणि तुमच्या गादीपासूनही लांब," डॉक्टर म्हणाले.

साडूला काही ते कळलं नाही. डॉक्टरांनी विचारलं, "थेंब किती वेळा घालता?" साडूने अभिमानाने तिन्ही बाटल्या काढून टेबलावर मांडल्या. डॉक्टरांनी कपाळाला हात लावला. "हे थेंब तीन-चार दिवसांच्या वर घालायचे नसतात. नाकातल्या सुजलेल्या नसा हे आवळून धरतात. हात सोडला की त्या दुप्पट फुगतात. आता तुमचं नाक अर्धं रोगाने बंद आहे आणि अर्धं या औषधाने. थेंब आजपासून बंद. आणि सर्दीच्या गोळ्या घेताय त्याही आठवडाभर बंद, नाहीतर हातावरची चाचणी खोटी येईल. मग या, कशाने होतंय ते तुमच्या हातावरच दाखवतो."

"पण मिरचीने होतं की नाही?"

"मिरची कुणालाही झोंबते हो. आधीच सुजलेल्या नाकाला जास्त झोंबते. पण झोंबणं वेगळं आणि ॲलर्जी वेगळी."

"जास्त झोंबते ना? तेवढंच लिहा!"

डॉक्टर म्हणाले, "चाचणीनंतर."

तो आठवडा! थेंब बंद, गोळ्या बंद. नाक असं ठाण मांडून बसलं की साडूला पाणी पितानाही धाप लागायची. पण वैराच्या भरात माणसाला काय काय सुचतं बघा. तो रोज सकाळी स्टूल घेऊन गिरणीच्या दारासमोर बसायचा आणि तिथे शिंकायचा. येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायचा, "बघा, बघा या बाईचे प्रताप!" काकू आतून एक शब्द बोलल्या नाहीत. फक्त एकदा फडक्याच्या आतून मोठी शिंक ऐकू आली. साडू खूश. "तिला पण लागतंय तिचंच!"

चाचणीच्या दिवशी आम्ही खोलीत शिरलो आणि मी जागच्या जागी उभा राहिलो. बाकावर काकू बसलेल्या. फडकं सोडलेलं. पहिल्यांदाच त्यांचं नाक दिसलं. लाल, सालं निघालेलं, आणि त्यावर अगदी साडूसारखी आडवी रेघ! हातात कागदाची पुडी, पुडीत याच्या दुकानातला कापूस. त्यांनीही याच्याविरुद्ध पुरावा गोळा करायला नाक आणलं होतं. गेल्या हिवाळ्यापासून शिंकतायत, म्हणाल्या, आणि हा समोरचा कापूस उडवतो त्यानेच.

मला हसू आवरेना. मी खोकल्याचं सोंग घेतलं.

नर्सने दोघांना एकाच टेबलाशी बसवलं. दोघांचे हात पुढे. हातावर पेनने खुणा केल्या, प्रत्येक खुणेजवळ एक थेंब: एकात धूळ, एकात बुरशी, एकात परागकण, एकात मांजर, एकात कापूस. एक थेंब नुसत्या पाण्याचा, आणि एक असा की त्याने सगळ्यांच्याच हातावर फोड यायला हवा, म्हणजे चाचणी खरी. मग बारीक सुईने प्रत्येक थेंबातून टोचलं. "आता पाव तास थांबायचं. खाजवायचं नाही."

पाव तास! दोन जन्माचे वैरी शेजारी शेजारी, हात समोर पसरून, खाज येतेय आणि खाजवता येत नाही. साडू ओठ आवळून म्हणाला, "कापूसच फुगला तुमच्या हातावर, तरी मला काय!"

"मी कुठे बोलले काही?" काकू म्हणाल्या. "तुम्हालाच कापूस बोचतोय."

डॉक्टर आले. सगळ्यांनाच फुगणारा थेंब फुगलेला, म्हणजे चाचणी खरी. पाण्याचा थेंब सपाट. कापूस सपाट. परागकण सपाट. मांजर सपाट. बुरशी सपाट. आणि दोघांच्याही हातावर, अगदी एकाच जागी, आणखी एक टपोरा फोड, भोवती लाल वलय. धुळीचा थेंब.

"घरच्या धुळीत किडे असतात," डॉक्टर म्हणाले. "इतके बारीक की डोळ्याला दिसत नाहीत. माणसाच्या कातडीचा कोंडा खातात आणि गादीत, उशीत राहतात. जुन्या, दमट कापसात तर त्यांचं गावच्या गाव असतं. चावत नाहीत, काही करत नाहीत. त्यांची विष्ठा तुमच्या नाकात जाते, एवढंच."

साडू म्हणाला, "काही करत नाहीत तर मग हे कशाने?"

"तुमचं शरीर करतं. ॲलर्जी म्हणजे शरीराने धरलेला डूख. बिनविषारी वस्तूला ते एकदा शत्रू समजलं, की ती दिसली रे दिसली की सगळं सैन्य बाहेर काढतं. शिंका, पाणी, सूज. शत्रूला काहीच होत नाही, नासधूस आपल्याच घरात."

हे ऐकताना साडूचा चेहरा मी मुद्दाम बघून घेतला. आयुष्यात ज्या काही गोष्टी पाहून धन्य झालो त्यातली ती एक.

"माझी बायको त्याच गादीवर झोपते, तिला का नाही?"

"तिच्या शरीराने डूख धरला नाही म्हणून." मग डॉक्टर काकूंकडे वळले. "तुमची गादी किती जुनी?"

"नवी कोरी," काकू म्हणाल्या. "गेल्या हिवाळ्यात केली. नवा कापूस."

"नव्या कापसात इतके किडे नसतात. उसवून बघा एकदा."

काकूंनी मान हळूच फिरवली आणि साडूकडे बघितलं. फडकं नव्हतं, तरी मला फक्त डोळेच दिसले. मग उठल्या, फडकं नाकाला बांधलं, डॉक्टरांना नमस्कार केला आणि निघून गेल्या.

परतताना साडू म्हणाला, "बोलली नाही हो काही."

"नाही बोलली."

"शिव्या दिल्या असत्या तर बरं होतं."

डॉक्टरांनी त्याला औषध दिलं होतं. नाकात मारायचा एक स्प्रे, रोज, लगेच गुण न येता आठ-पंधरा दिवसांनी येणारा. मान किंचित खाली, उजव्या हाताने डाव्या नाकपुडीत, बाटलीचं तोंड कानाच्या दिशेने, मधल्या पडद्यावर मारायचा नाही, नाहीतर रक्त येतं. उकळून गार केलेल्या पाण्यात मिठाची पुडी घालून नाक धुवायचं. जुनी गादी टाकायची, चादरी-अभ्रे दर आठवड्याला कडकडीत पाण्यात धुवायचे. आणि बंद दुकानात पिंजायचं नाही, मोकळ्या हवेत, नाकाला मास्क लावून पिंजायचं. साडूने स्प्रे घेतला, बाकी सगळं ऐकून सोडून दिलं. त्याच्या डोक्यात एकच: ती आता काय करणार? गल्लीत कळलं की पोटात जुना कापूस भरतो, तर दुकानाचं नाव गेलं. हातावर पोट असलेल्या माणसाचं नाव गेलं म्हणजे सगळंच गेलं.

दोन दिवस काहीच झालं नाही. गिरणी चालू, डोळे शांत. तक्रार मागे घेऊ का, असं त्याने मला विचारलं. मी म्हटलं, "घ्या की." तो म्हणाला, "मग तिला वाटेल मी घाबरलो." घाबरला होताच, पण डूख सुटत नव्हता.

तिसऱ्या दिवशी निरीक्षक गिरणी बघायला आला. गल्लीत गर्दी जमली. काकूंनी गिरणी बंद ठेवली होती. दारासमोर दोन पोत्यांवर फळी टाकून तिच्यावर ती गादी अंथरलेली, आणि गादीवर कात्री.

"साहेब," काकू म्हणाल्या, "माझी मिरची हुंगायच्या आधी हे हुंगा. हे कापूसराव, माझ्यामुळे यांचं नाक गेलं म्हणतात. ही गादी यांनीच केली. नव्या कापसाची. होय ना हो?"

साडू मिशीतली पिंज काढायला लागला.

"होय ना हो, विचारते मी!"

"होय."

"मग तुम्ही उसवता का मी फाडू?"

कात्री त्याच्या हातात दिली. त्याने स्वतः घातलेले टाके स्वतः उसवले. गादीवाल्याला याहून मोठी शिक्षा नाही, सांगतो. वरचा थर पांढराशुभ्र. लोक म्हणाले, अरे, चांगला तर आहे. काकू म्हणाल्या, "अजून." त्याने हात आत घातला आणि लॉजचा पिवळा कापूस बाहेर आला. त्यात जुन्या पट्ट्यापट्ट्यांच्या खोळीचा एक तुकडाही चिकटून आला. निरीक्षकाने नाकाला रुमाल लावला.

"आता नाक लावा," काकू म्हणाल्या.

"काय?"

"नाक लावा त्याला. आणि सांगा सगळ्यांना, नवा आहे म्हणून."

साडू वाकला. मी डोळे मिटायला हवे होते, पण मी टक्क उघडे ठेवले. त्याचं नाक त्या कापसात जरा टेकलं मात्र, आणि शिंकांची अशी रांग लागली की बिचारा गादीवर ओणवा, नाक कापसात घासलं जातंय, वर उठायला श्वास मिळत नाही. काकू हाताची घडी घालून उभ्या. त्याच्या शिंका संपेपर्यंत थांबल्या. मग वाकून त्याच्या कानाशी म्हणाल्या, पण गल्लीला ऐकू जाईल अशा बेताने:

"माझ्या उंबऱ्यावर नको म्हटलं. माझ्या गादीवरच घासा."

म्हणजे ती जेवणाच्या ताटावरची गोष्ट हिला माहीत होती! कुणी सांगितली असेल? माझी बायको मिरची दळायला तिथेच जाते, एवढंच मी म्हणेन.

तक्रार तिथल्या तिथे बाद झाली. पण खरा सूड पुढे होता, आणि तो काकूंना उगवावाही लागला नाही. त्या दिवसापासून गल्लीतलं कुणीही कापूसरावाच्या दुकानात आत पिंजलेला कापूस घेईना. "आमच्या दारात आणा. आमच्या डोळ्यांदेखत पिंजा, डोळ्यांदेखत भरा." झालं! रोज यंत्र हातगाडीवर घालायचं, कुणाच्या ना कुणाच्या अंगणात, उन्हात, मोकळ्या हवेत पिंजायचं, आणि लोक खुर्च्या टाकून बघत बसणार. लाज वाटायची म्हणून तो तोंडाला फडकं बांधायचा. ओळखू येऊ नये म्हणून! आणि मेहुणीने त्याच संध्याकाळी घरची गादी अंगणात नेऊन जाळली. "उद्यापासून नवा कापूस," ती म्हणाली, "नाहीतर तुम्ही यंत्राशेजारी झोपा."

आता बघा गंमत. मोकळी हवा, तोंडाला फडकं, नवी गादी, अभ्रे उकळत्या पाण्यात, थेंब बंद, स्प्रे चालू. डॉक्टरांनी सांगितलेलं एकही पथ्य त्याने आपणहून पाळलं नसतं. सगळं त्या बाईने पाळायला लावलं, बदनाम करून. काही आठवड्यांत शिंका थांबल्या. नाकावरची रेघ पुसट झाली. रात्री तोंड मिटून झोपायला लागला. आणि त्याला याचा जो संताप आला!

"म्हणजे तिच्यामुळे बरा झालो?" तो मला म्हणाला. "हे मी कसं सहन करू?"

काकूही बऱ्या झाल्या. नवी गादी त्यांनी याच्याकडूनच करून घेतली, गल्लीच्या मधोमध, स्वतः प्रत्येक मूठ हुंगून. त्याने पैसे मागितले नाहीत, त्यांनी दिलेही नाहीत. भर गल्लीत, काकूंच्या नजरेखाली त्याने जेवढे टाके घातले तेवढे सरळ टाके त्याने आयुष्यात कधी घातले नसतील.

मग एके सकाळी तो हातगाडी घेऊन गिरणीसमोरून निघाला. काकूंनी चक्की लावली होती. साडू थांबला. नाक वर करून एक खोल श्वास घेतला. कित्येक वर्षांत त्याला पहिल्यांदा वास आला होता. आणि लगेच पाणी! डोळ्यांना, नाकाला, घशात आग.

तो तसाच हातगाडी सोडून डॉक्टरांकडे धावला, मी मागून. "डॉक्टर! आता लिहा! आता खरंच मिरचीच झोंबतेय!"

डॉक्टरांनी दिवा लावून आत बघितलं. छान गुलाबी नाक.

"तुमचं नाक आता निरोगी आहे," ते म्हणाले. "निरोगी नाकाला मिरची झोंबतेच."

साडू परत आला तेव्हा काकू गिरणीच्या दारात उभ्या होत्या, फडकं गळ्यात, नाक उघडं. "काय हो," म्हणाल्या, "मिळाला का दाखला?"

त्याने गळणारं नाक पुसलं. हातगाडी ढकलत पुढे गेला. काकूंनी आत हात घातला, मूठभर मिरची घेतली आणि चक्कीत टाकली. ती मूठ गिऱ्हाइकाची नव्हती. त्यांची स्वतःची, घरची होती. पुढे तो जिवंत असेपर्यंत, त्याची गाडी गिरणीसमोर आली की रोज एक मूठ पडायची. आणि तो रोज त्याच रस्त्याने जायचा, दुकानाच्या मागून जवळचा रस्ता असूनही.